'माय मदर इज डिफिकल्ट टू मेक मांडे' : विशेषणापुढे 'टू' कधी आणि 'दॅट' कधी?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भडगाव तालुक्यातल्या एका गावात मी गेली चौदा वर्षं इंग्रजीची शिकवणी घेतोय. मागच्या आठवड्यात नववीच्या मुलांना आईवर दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. एका मुलीच्या वहीत चौथं वाक्य होतं, 'माय मदर इज डिफिकल्ट टू मेक मांडे.'

तिला जवळ बोलावून विचारलं, म्हणायचं काय होतं? ती म्हणाली, "सर, आईचा खांदा धरलाय. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा, मग उचलून तापल्या खापरावर टाकायचा. तिला आता ते अवघड जातं." म्हणजे मराठी वाक्य तिच्या डोक्यात अगदी बिनचूक होतं: आईला मांडे करणं अवघड जातं. इंग्रजीत उतरवताना 'आईला'मधला 'ला' गळाला, आई कर्ता झाली आणि अवघडपणा मांड्यांवरून उठून आईला चिकटला. हवं होतं 'इट इज डिफिकल्ट फॉर माय मदर टू मेक मांडे'. किंवा मांड्यांनाच पुढे आणायचं, 'मांडे आर डिफिकल्ट टू मेक'.

एवढं समजावून मी वही परत देणार, तेवढ्यात तिनं पाचव्या वाक्यावर बोट ठेवलं. 'माय मदर इज हॅपी टू मेक मांडे फॉर अस.' त्यावर मी बरोबरची खूण केली होती. "सर, शब्द तेच, रांग तीच. हॅपी चालतं तर डिफिकल्ट का चालत नाही?"

चौदा वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला जे सांगितलं ते इथे मांडतो, चुकत असेन तर सांगा.

मी म्हटलं, आधी विशेषणाला विचार, तू मनाचं की कामाचं? हॅपी, ग्लॅड, सॉरी, ईगर, प्राउड, रिलक्टंट, अफ्रेड ही मनाची. ज्याच्या मनात ते आहे तो माणूस इंग्रजीत थेट कर्ता होतो, आणि 'टू'नंतरचं कामही तोच करतो. आनंद आईला, मांडे करणारीही आई. ईझी, डिफिकल्ट, हार्ड, इम्पॉसिबल ही कामाची. ती माणसाच्या मनाबद्दल काही सांगत नाहीत, काम कसं आहे ते सांगतात. म्हणून कर्त्याच्या जागी एक तर 'इट' येतं, नाही तर ज्या वस्तूवर काम होतं ती वस्तू येते.

मराठीत ही भानगडच नाही. 'मला आनंद झाला', 'मला अवघड गेलं', दोन्हीकडे 'मला'. आपली मुलं इथेच अडखळतात. त्यांचं व्याकरण कच्चं आहे असं मला वाटत नाही. मराठी जिथे एकच दार ठेवते तिथे इंग्रजीनं दोन ठेवलीत.

'दॅट'चंही असंच आहे. मनाच्या बहुतेक विशेषणांपुढे नामवाक्य, म्हणजे 'दॅट'नं सुरू होणारं पोटवाक्य, चालतं, 'आय ॲम हॅपी दॅट यू केम'. डिफिकल्टपुढे चालत नाही.

तुमच्याकडची वाक्यं टाका. शिकवताना, नोकरीत, मुलांच्या वह्यांत काय काय दिसतं ते वाचायचं आहे.

केळीबाग

सर, मी रावेरकडे केळीच्या एका निर्यात कंपनीत कागदपत्रं आणि ई-मेल सांभाळतो. शिक्षण मराठी माध्यमातलं. तुमच्या विद्यार्थिनीचं वाक्य वाचलं आणि माझी पहिली दोन वर्षं आठवली.

मी परदेशातल्या ग्राहकाला लिहायचो, 'वी आर पॉसिबल टू लोड टुमॉरो.' उद्या आम्हाला भरणं शक्य आहे, हे त्याचं शब्दाला शब्द. साहेबांनी 'वी आर एबल टू लोड' करून दिलं, पण कारण सांगितलं नाही. आज तुमच्या पोस्टमुळे कळलं की पॉसिबल कामाचं आणि एबल माणसाचं.

दुसरी एक चूक मी बराच काळ केली. ट्रक येणं अवघड दिसत असेल तर मी लिहायचो 'इट इज डिफिकल्ट दॅट द ट्रक विल कम'. आपल्याकडे 'आज गाडी येणं अवघड आहे' म्हणतो तेव्हा गाडीला काही कष्ट पडणार असं म्हणायचं नसतं, ती बहुधा येणार नाही असं म्हणायचं असतं. तिथे इंग्रजीला हवं 'द ट्रक इज अनलाइकली टू कम'. 'अवघड' या एका शब्दाची दोन कामं आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि अफ्रेड! समोरच्याचा मेल आला होता, 'आय ॲम अफ्रेड दॅट वी कॅनॉट ॲक्सेप्ट धिस लॉट.' आमच्या ऑफिसात अर्धा तास चर्चा झाली की हा माणूस घाबरला कशाला, कुणी काही बोललं का त्याला. शेवटी कळलं की 'आय ॲम अफ्रेड दॅट' म्हणजे 'खेदानं सांगावं लागतंय'. तोच अफ्रेड 'टू' घेऊन आला तर खरी भीती, 'ही इज अफ्रेड टू साइन'. तेव्हापासून मी नकार कळवताना हेच वाक्य वापरतो. 'वी कॅनॉट' एवढंच लिहिलं की समोरच्याला तुटक वाटतं.

एक विचारायचं आहे. आमच्या सूचनापत्रात छापलेलं वाक्य आहे, 'इट इज एसेन्शियल दॅट द कंटेनर बी केप्ट ॲट थर्टीन डिग्रीज.' केळी तेरा अंशांच्या खाली गेली की सालीत काळपटपणा येतो, त्यामुळे हे वाक्य आमच्यासाठी लाखमोलाचं. पण 'इज केप्ट' ऐवजी 'बी केप्ट' का? छपाईची चूक समजून मी एकदा ते दुरुस्तही केलं होतं.

गिरणाकाठ

भाऊ, 'बी केप्ट' बरोबर आहे. एसेन्शियल, इम्पॉर्टंट, नेसेसरी, व्हायटल ही विशेषणं आली की पुढच्या 'दॅट' वाक्यात घडलेली गोष्ट नसते, घडायला हवी अशी गोष्ट असते. तिथे क्रियापद उघडं ठेवतात: 'दॅट ही बी प्रेझेंट', 'दॅट शी सबमिट द फॉर्म', 'सबमिट्स' नाही. अमेरिकन लिखाणात हे जास्त दिसतं. ब्रिटिश पद्धतीत 'शुड बी केप्ट' असंही लिहितात. मराठीत हेच काम 'असावा', 'करावा'मधला 'आवा' करतो. कंटेनर तेरा अंशांवर ठेवलेला *असावा*. मुलांना 'आवा आला की बी' एवढं सांगितलं की चटकन लक्षात राहतं.

'अवघड'च्या दोन अर्थांचं तुम्ही जे लिहिलंय ते मी उद्याच वर्गात वापरणार.

पांझराकाठची

सर, मी धुळ्याची. मुलगा अकरावीत आहे, त्याचा अभ्यास मीच घेते. दोन गोष्टी मला कधीच सुटल्या नाहीत.

एक म्हणजे 'ऑफ यू' आणि 'फॉर यू'. 'इट इज काइंड ऑफ यू टू कम' आणि 'इट इज डिफिकल्ट फॉर यू टू कम'. कुठे ऑफ, कुठे फॉर, हे मी कानावर सोडून देते. मुलगा कारण मागतो.

दुसरी गोष्ट जरा मनाला लागलेली आहे. मागच्या वर्षी पालकसभेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा होता, 'ही इज शुअर टू पास.' मी घरी येऊन त्याला रागावले. म्हटलं, तुला फार आत्मविश्वास आलाय, बाईंनीसुद्धा लिहून दिलंय. तो रडवेला झाला. म्हणाला, "आई, मी असं कधीच म्हटलं नाही." माझं नक्की कुठे चुकलं?

गिरणाकाठ

ताई, त्या शेऱ्यात खात्री बाईंची होती. 'ही इज शुअर टू पास' म्हणजे 'तो पास होणारच, हे मी सांगते'. मुलाच्या मनात काय आहे याचा त्यात उल्लेखही नाही. मुलाला स्वतःला खात्री असती तर बाईंनी लिहिलं असतं, 'ही इज शुअर दॅट ही विल पास', किंवा 'ही इज शुअर ऑफ पासिंग'. टू आला की खात्री बोलणाऱ्याची, दॅट आला की कर्त्याची. सर्टनचंही तसंच. 'इट इज सर्टन टू रेन' म्हणताना पावसाच्या मनात काही नसतं, खात्री आपली असते. म्हणजे मनाचं आणि कामाचं यांच्या जोडीला हा तिसरा गट मला मांडावा लागेल, अंदाजाचा: शुअर, सर्टन, लाइकली, बाउंड. पहिल्या पोस्टमध्ये हा राहून गेला होता. मुलाला सांगा, बाईंनी त्याचं कौतुकच केलं होतं.

ऑफ आणि फॉरची चाचणी अशी घ्या. विशेषण उचलून माणसावर ठेवून पाहायचं. 'यू आर काइंड', चालतं, कारण येण्याच्या कृतीतून त्या माणसाचा स्वभाव दिसला. तिथे ऑफ. फूलिश, रूड, जेनरस, क्लेव्हर सगळे इकडचे. 'इट वॉज फूलिश ऑफ हिम टू गो', म्हणून 'ही वॉज फूलिश टू गो' हेही चालतं. आता 'यू आर डिफिकल्ट' करून पाहा. अर्थच पालटला, माणूस विक्षिप्त ठरला. तिथे फॉर. गुड दोन्हीकडे जातं आणि दोन्हीकडे वेगळा अर्थ देतं. 'इट इज गुड ऑफ यू टू वॉक विथ हर' म्हणजे तिच्यासोबत चालता हा तुमचा चांगुलपणा, आणि 'इट इज गुड फॉर यू टू वॉक' म्हणजे चालणं तुमच्या तब्येतीला बरं.

पांझराकाठची

सर, आत्ताच मुलाला दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. त्यानं प्रगतिपुस्तक कपाटातून काढून आणलं आणि पुन्हा वाचलं. मी त्याला 'सॉरी' म्हटलं.

शिरपूरकर

राम राम मंडळी. मी भाषेचा अभ्यासक नाही, पण अहिराणी माझी मायबोली. या धाग्यात तिची एक गोष्ट यायलाच पाहिजे.

आम्ही म्हणतो, 'माले इंग्रजी बोलाले जड जास.' आणि 'मी तुले भेटाले उनू.' आता त्यातला 'ले' बघा. 'माले', 'तुले' यांत माणसाला लागला, 'बोलाले', 'भेटाले' यांत क्रियापदाला लागला. प्रमाण मराठीत मला, तुला आणि बोलायला, भेटायला. इंग्रजीतही तोच प्रकार, 'टू राम' आणि 'टू मीट'. तिन्ही भाषांत एकच शब्द किंवा प्रत्यय दोन्ही कामं करतो.

मला शाळेत इंग्रजीच्या सरांनी 'टू' म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप असं शिकवलं, आणि मी ते न समजता घोकलं. कुणी सांगितलं असतं की 'टू' म्हणजे आपला 'ले', तर माझी दोन वर्षं वाचली असती.

आणखी एक. 'आय ॲम हॅपी दॅट यू केम' याचं भाषांतर आजकाल सगळे 'मला आनंद आहे की तू आलास' असं करतात. माझी आजी असं कधीच बोलली नाही. ती म्हणायची, 'तू उना, माले बरं वाटनं.' मधे 'की' नाही, काही नाही.

भाषावेडा

शिरपूरकर भाऊ, तुमचं निरीक्षण अस्सल आहे आणि इतिहासही त्याला दुजोरा देतो. मराठीतलं 'भेटायला' हे 'भेटावयास', 'भेटावयाला' यांवरून आलं, म्हणजे चतुर्थीच. जुन्या इंग्रजीत 'टू'नंतर येणाऱ्या क्रियापदाला नामासारखा चतुर्थीचा प्रत्यय लागत असे. पुढे तो प्रत्यय झिजून गेला आणि 'टू' तेवढा उरला. तुमच्या आजीचं वाक्यही लाखात एक. मराठीत आधी घडलेली गोष्ट सांगायची, मग मनाची: 'तू आलास, बरं वाटलं', 'तू आलास हे बरं झालं', 'तू आलास याचा आनंद आहे'. इंग्रजी उलटं चालते, आधी मन आणि मग 'दॅट'. मुलांना इंग्रजी लिहिताना वाक्य उलटं करायला शिकवावं. त्यासाठी मराठी वाक्यात 'की' कोंबायची गरज नाही.

गिरणाकाठ सरांच्या विद्यार्थिनीनं जो प्रश्न विचारला तो भाषाशास्त्रातला मोठा प्रश्न आहे, हे तिला आवर्जून सांगा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात 'जॉन इज ईगर टू प्लीज' आणि 'जॉन इज ईझी टू प्लीज' ही जोडी पुढे ठेवली. वरून दोन्ही वाक्यं एकाच साच्यातली. पहिल्यात खूश करणारा जॉन, दुसऱ्यात खूश होणारा जॉन. वरचा साचा सारखा असला तरी आतली बांधणी वेगळी असू शकते, हे दाखवायला त्यांनी ही जोडी वापरली. तुमच्या मुलीनं हॅपी आणि डिफिकल्ट शेजारी ठेवून तेच केलं.

पुढे भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षं वयाच्या चाळीस मुलांबरोबर याचा अभ्यास केला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. टेबलावर एक बाहुली ठेवली, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली. विचारलं, 'इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?' बाहुली तर सगळ्यांना स्पष्ट दिसत होती. तरी लहान मुलांपैकी अनेकांनी 'हार्ड टू सी' सांगितलं, कारण पट्टी बाहुलीच्या डोळ्यांवर होती आणि त्यांनी पाहणारी बाहुलीच धरली. नऊच्या पुढच्या मुलांना ते नीट कळत होतं. ज्यांची आईच इंग्रजी बोलते त्यांनाही इतकी वर्षं लागतात. आपल्या नववीच्या मुलीला ते वहीत चुकलं तर तिच्यावर लाल शाई ओतू नये.

मराठीतही हा साचा आहे बरं का. 'मांडे करायला अवघड', 'हा घाट चढायला सोपा'. घाट चढत नाही, आपण चढतो, तरी 'सोपा' हे घाटाशी जुळलं. वर्गात इथून सुरुवात करून पाहा.

जुना_भुसावळकर

मी थोडं वेगळं मत मांडतो. माझी रेल्वेत नोकरी झाली, त्याआधी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास पाच वर्षं केला. मनाचं, कामाचं, अंदाजाचं हे कळायला छान आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये ते पुरत नाही. केपेबल घ्या. अर्थानं एबलचा सख्खा भाऊ, पण 'केपेबल टू डू' चूक, 'केपेबल ऑफ डूइंग' बरोबर. बिझी माणसाचंच विशेषण, तरी 'बिझी टू कुक' नाही, 'बिझी कुकिंग'. वर्थपुढे 'टू रीड' नाही, 'रीडिंग'. अवेअर मनाचं, पण 'अवेअर टू' कधीच नाही, 'अवेअर दॅट' किंवा 'अवेअर ऑफ'. 'ही इज लाइकली टू कम' चालतं आणि 'ही इज प्रॉबेबल टू कम' चालत नाही. 'इट इज सर्टन दॅट' चालतं, 'इट इज शुअर दॅट' नाही. यांत कुठलं तर्कशास्त्र आहे?

मी एकच केलं. विशेषण कधी एकटं पाठ केलं नाही. शेपटीसकट केलं. वहीत 'केपेबल' असं लिहिलंच नाही, 'केपेबल ऑफ डूइंग' असं लिहिलं. अडीचशे विशेषणं अशी लिहिली आणि रोज वाचली. पोरांना तेच द्या.

गिरणाकाठ

दादा, तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि 'शेपटीसकट' हा शब्द मी उचलतोय. लाइकली आणि प्रॉबेबल यांच्यातला फरक मलाही कारणानं समजावता येत नाही, तिथे पाठांतरच. पण अडीचशे शेपट्या पाठ करण्याआधी मुलाला एवढं कळायला हवं की शेपटी असते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना तेच माहीत नसतं. शिवाय अनोळखी विशेषण समोर आलं की यादी संपते, तिथे 'हे मनाचं की कामाचं' हा प्रश्न निदान हाताशी राहतो.

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर 'रिमूव्ह टू' बद्दल लिहितो. हा 'टू' वेगळा, दोन 'ओ' असलेला, 'फार' या अर्थाचा. हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकानं सोडवलाय. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक', याचं 'द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट'. मुलं साचा पाठ करतात: टू काढा, सो घाला, दॅट घाला, कॅनॉट घाला. आणि शेवटचा 'इट' विसरतात, गुण जातो. मी पूर्वी 'इट विसरू नका' एवढंच सांगायचो. आता चहाचा कप दाखवून सांगतो. पहिल्या वाक्यात चहा पुढे जाऊन बसलाय, 'ड्रिंक'च्या मागची त्याची जागा मोकळी आहे, तिथे 'इट' ठेवला तर एकाच चहाला दोन खुर्च्या होतील. म्हणून 'टू हॉट टू ड्रिंक इट' चूक. 'दॅट' आला की नवं वाक्य सुरू होतं. त्याला स्वतःचा कर्ता हवा, स्वतःचं कर्म हवं. म्हणून तिथे 'इट' हवाच. मात्र 'इट इज टू हॉट टू गो आउट' या वाक्यात मोकळी जागाच नाही, तिथे 'सो हॉट दॅट वी कॅनॉट गो आउट' एवढ्यावर वाक्य पूर्ण होतं. मे महिन्यात भुसावळला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

मोकळ्या जागेचं हेच सूत्र शब्दयोगीलाही लागतं. 'धिस हाउस इज प्लेझंट टू लिव्ह इन', शेवटचा 'इन' टाकायचा नाही. 'शी इज ईझी टू टॉक टू', शेवटचा 'टू' टाकायचा नाही. मुलांना वाक्याच्या शेवटी लोंबणारा शब्द चुकीचा वाटतो आणि ती तो कापतात.

केळीबाग

सर, 'रेडी'चं काय? आमच्या खोक्यांवर 'रेडी टू ईट' छापतात, आणि मी जेवणाच्या सुट्टीत 'आय ॲम रेडी टू ईट' म्हणतो. एकात केळी खाल्ली जातात, एकात मी खातो. रेडी मनाचं की कामाचं?

गिरणाकाठ

भाऊ, रेडी दोन्हीकडे राहतं. कर्ता खाणारा आहे की खाल्ला जाणारा, हे आपण जगाकडे बघून ठरवतो. कर्ता कोंबडी असेल तर दोन्ही अर्थ निघतात. दाणे टाकायची वेळ झाली असेल, नाही तर ताटं मांडायची.

काल संध्याकाळी हेच नववीच्या वर्गात विचारलं. मांड्यांवाल्या मुलीनं फळ्यावर लिहिलं, 'भरीत इज रेडी टू ईट.' त्याखाली 'वी आर रेडी टू ईट.' मग खडू खाली न ठेवता तिसरं लिहिलं: 'इट इज डिफिकल्ट फॉर माय मदर टू मेक मांडे, सो आय ॲम लर्निंग.' सध्या तिचा उंडा हातावर मधेच फाटतो म्हणे. दिवाळीला पहिला मांडा मला आणून देणार आहे.

पांझराकाठची

सर, तिला सांगा, कणीक अजून सैल भिजवायची आणि दोन तास झाकून ठेवायची. मग फाटत नाही.